आपला अर्ज आपल्या हाताने

(अकोल्यात तरुण मुला-मुलींसाठी सुरू झालेल्या संगणक वर्गाच्या पहिल्या दिवशी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला ‘संगणकाचं महत्त्व’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण महत्त्व तुम्हाला पटलेलंच आहे. नाहीतर मे महिन्यात, अकोल्याच्या भर दुपारच्या उन्हात, घरचा कूलर सोडून कोण इथे येऊन बसलं असतं? तेव्हा महत्त्व बाजूला ठेवू. काय शिकायचं, आधी काय आणि नंतर काय, आणि मुळात कशासाठी, एवढंच बोलतो.

आधी दोन प्रश्न. स्मार्टफोन किती जणांकडे आहे किंवा घरात वापरायला मिळतो? जवळजवळ सगळे हात वर आहेत. आता दुसरा. संगणकावर कोरं पान उघडून, स्वतः एक अर्ज टाइप करून, त्याला नाव देऊन जपून ठेवून, तो ईमेलला जोडून कोणी पाठवलाय? पाच. नाही, सहा हात. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, तोच आजचा विषय.

फोन मुख्यतः बघण्यासाठी बनलाय, संगणक करण्यासाठी. फोनवर फोटो काढला की तो कुठे गेला हे आपल्याला कळावं लागत नाही, गॅलरी उघडली की दिसतो. संगणकावर तसं चालत नाही. मी पुण्यात नोकरी करतो, मुलाखती घ्यायला बसतो. पदवीधर मुलाला विचारलं, ‘फाइल कुठे सेव्ह केलीस?’ तर उत्तर येतं, ‘वर्डमध्ये.’ आता घरात अम्मीला विचारलं की तांदूळ कुठे ठेवलेत, आणि ती म्हणाली ‘पातेल्यात शिजवतात’, तर तुम्ही काय समजाल? वर्ड हे पातेलं आहे. फाइल डब्यात असते, डबा फडताळात असतो. डबा म्हणजे फोल्डर. पहिल्या आठवड्यात एवढंच नीट शिका: फोल्डर बनवणं, फाइलला अर्थ लागेल असं नाव देणं, आणि उद्या ती पुन्हा सापडणं. ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘फायनल खरी’ अशी नावं ठेवू नका. ‘टीसी दहावी’, ‘उत्पन्न दाखला २०२५’ अशी ठेवा.

आता कशासाठी, ते सांगतो.

आपल्या वस्त्यांत एक धंदा जोरात चालतो. ताजनापेठेत जा, बैदपुऱ्यात जा, अकोट फैलात जा. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. हे लोक मेहनती आहेत, त्यांची गरजही आहे, माझी त्यांच्याशी काही तक्रार नाही. तक्रार आपल्याशी आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाचा फॉर्म, रेशन कार्डातलं नाव, आधारची दुरुस्ती, या सगळ्यासाठी आपण कागदांची पिशवी काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, ‘भाई, भर दो.’ भाई भरतो. त्याच्यामागे आणखी दहा जण उभे असतात. तो तुमचं नाव त्याला येतं तसं लिहितो, मोबाइल नंबर पटकन ओटीपी मिळावा म्हणून कधी स्वतःचाच टाकतो, ईमेलही तोच बनवतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं असंच झालं. शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता. दुरुस्त करायला ठरावीक मुदत होती. पण अर्ज परत आल्याचा मेसेज गेला दुकानदाराच्या नंबरवर आणि त्याने दुकान दुसरीकडे हलवलं होतं. मुलगी हुशार, कागद सगळे खरे. तरीही ते वर्ष गेलं. तिला कोणी नाकारलं नव्हतं. तिच्या अर्जाची किल्ली तिच्याकडे नव्हती, इतकंच.

नावाचं तर विचारूच नका. वऱ्हाडात आपली नावं कशी असतात? शेख आसिफ शेख युसूफ. सय्यद अमुक सय्यद तमुक. शेख पुढे, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. फॉर्म मात्र विचारतो तीन रकान्यांत: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. एक ऑपरेटर आडनावाच्या रकान्यात ‘शेख’ टाकतो, दुसरा ‘युसूफ’ टाकतो, तिसरा पहिल्याच रकान्यात सगळं कोंबतो. त्यात ‘मोहम्मद’ इंग्रजीत कोणी पूर्ण लिहितो, कोणी शेवटी ‘ए’ लावतो, कोणी ‘ई’, कोणी नुसतं ‘एमडी’ लिहून टिंब देतो. माणसाला कळतं की हा एकच आसिफ आहे. संगणकाला कळत नाही. तो अक्षराला अक्षर लावून बघतो. एक अक्षर वेगळं, तर माणूस वेगळा. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी साध्या तपासणीत ते नाव जुळत नाही. मी हेच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो की यात त्या यंत्राचा ना द्वेष असतो ना दया.

म्हणून मी म्हणतो, संगणक शिकणं म्हणजे आधी आपला अर्ज आपल्या हाताने करणं. नोकरी त्याच्या पुढची पायरी आहे. एका कागदावर आपलं नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवा, दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे, आणि सगळीकडे तेच, अक्षर न बदलता वापरा. ईमेल स्वतःचा, नंबर स्वतःचा किंवा घरातला, पासवर्ड स्वतःचा. फॉर्म ‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ म्हणतो आणि फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. एक एमबी म्हणजे १०२४ केबी. म्हणजे तो फोटो साठ ते ऐंशीपट मोठा आहे. तो लहान करणं हे पाच मिनिटांत शिकण्यासारखं काम आहे. त्यासाठी दरवेळी पैसे मोजायचे का?

आता भीतीबद्दल. नवशिक्याला, विशेषतः घरातल्या मोठ्यांना, एकच धास्ती असते. ‘काही दाबलं आन् बिघडलं तर?’ एक बटण चुकीचं दाबल्याने संगणक बिघडत नाही. कंट्रोल धरून झेड दाबा, शेवटचं केलेलं मागे जातं. कंट्रोल आणि एस दाबा, केलेलं जपलं जातं. ही दोन बटणं आज पाठ करा, निम्मी भीती जाईल.

आणि ही यंत्रणा इंजिनिअरांसाठी बनली असंही समजू नका. आपण रोज जे कट, कॉपी, पेस्ट करतो, ते अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाच्या प्रोग्राममध्ये आणलं. तो प्रोग्राम शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनातल्या संपादकांसाठी होता. म्हणजे कात्री आणि डिंक घेऊन कागदावर काम करणाऱ्या माणसांसाठी. शिफ्ट, टॅब ही बटणंही टाइपरायटरवरून आली आहेत. ईमेलमधलं ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या दोन कागदांमधला तो निळा-काळा कार्बन. कारकून, टायपिस्ट आणि मुनीम यांच्या टेबलावरचं हे सामान आहे. ज्याला वही ठेवता येते, त्याला हे येतं.

दुसरी गोष्ट, लिपी. आपल्यातले बरेच जण घरी अकोल्याची उर्दू बोलतात, काही उर्दू माध्यमात शिकले, काही माझ्यासारखे मराठी शाळेत. आणि संगणक म्हटलं की आपण धरून चालतो की तो इंग्रजीतच असतो. तसं नाही. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक द्यायचा, या पद्धतीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात मराठी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि उर्दू ‘काफ’चा १७०५. दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाच पानावर, शेजारी शेजारी राहू शकतात. मुंबईत पाठवा, दुबईत पाठवा, तेच दिसेल.

युनिकोडच्या आधी असं नव्हतं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी ‘डी’. समोरच्याकडे तो फाँट नसेल तर तुमच्या अर्जाऐवजी त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. उर्दूत इनपेजच्या जुन्या फाइलींचं हेच दुखणं आहे. म्हणून टाइप करायला शिकाल ते युनिकोडमध्येच शिका.

टाइप कसं करायचं? इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणं सोपं आहे, सुरुवातीला तेच करा. पण इनस्क्रिप्ट कीबोर्डकडेही एकदा बघा. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, विकत घ्यावा लागत नाही. त्याची मांडणी आपल्या बाराखडीसारखी समजूतदार आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘क’वर शिफ्ट धरला की ‘ख’, ‘ग’वर शिफ्ट धरला की ‘घ’, ‘त’वर धरला की ‘थ’. रोज अर्धा तास दिला तर बोटं आपोआप वळायला लागतात. याचा नोकरीशी थेट संबंध आहे. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागतं. त्याची संगणक टंकलेखनाची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी आपल्याला येते, तर ही जागा आपली का नसावी? उर्दूवाल्यांसाठीही वाट आहे. उर्दू भाषेसाठी असलेली केंद्र सरकारची राष्ट्रीय परिषद संगणक वापर, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी असा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवत आली आहे. जवळ केंद्र आहे का, ते बघा.

तिसरी गोष्ट, तक्ता. म्हणजे एक्सेल. नावाला घाबरू नका. आपल्या किराणावाल्याची उधारीची वही बघितली आहे ना? आडव्या ओळी, उभे रकाने, खाली बेरीज. तेच आहे. फरक इतकाच की मधला एक आकडा बदलला तर खालची बेरीज स्वतः बदलते. हे पहिल्यांदा १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क नावाच्या प्रोग्रामने करून दाखवलं. एक्सेल १९८५ मध्ये आलं.

एक्सेल शिकताना त्याच्या खोड्याही शिकून घ्या, कारण त्या आपल्या कामात नेमक्या नडतात. एक, तो आकड्याच्या पुढचं शून्य खातो. दोन, तो आकड्याचे पहिले १५ अंकच जपतो. ज्या बँकांचा खाते क्रमांक १६ अंकी असतो, तो तसाच टाइप केला तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. म्हणजे शंभर मुलांची यादी केली, पैसे आले, आणि खाती जुळेनात. उपाय सोपा आहे. टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. आधार क्रमांकालाही तेच करा. तीन, यादी अकारविल्हे लावताना एकच रकाना निवडला तर नावं हलतात आणि गुण जागेवर राहतात, म्हणजे एकाचे गुण दुसऱ्याला. आधी पूर्ण तक्ता निवडा, मग लावा.

या बारीकसारीक गोष्टी मोठमोठ्यांना चुकल्या आहेत. २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. त्यापुढचं गळून पडलं. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. तेव्हा ‘बेसिक’ या शब्दाला हलकं समजू नका.

या वर्गासाठी मी एक गृहपाठ सुचवतो. आपल्या शहराला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं. तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो? प्रत्येकजण म्हणतो, ‘लय दिवसांनी.’ महापालिकेत ‘लय दिवसांनी’ चालत नाही. एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात नळ आल्याची तारीख, दुसऱ्यात किती वेळ आला. एक्सेलच्या पोटात तारीख हाही एक आकडाच असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला. त्यामुळे दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. दोन महिने नोंद ठेवा, सरासरी काढा. मग वर्डमध्ये एक पानाचा अर्ज लिहा, तक्ता जोडा, गल्लीतल्या वीस घरांच्या सह्या घ्या. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकार कायदा २००५चा आहेच, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ज्या मुलाने हे एवढं केलं, त्याला वर्ड आलं, एक्सेल आलं, ईमेल आला. आणि नागरिक म्हणून उभं राहणंही आलं.

आता प्रमाणपत्राचं. एमकेसीएलची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्यांच्या एमएस-सीआयटीने मूर्तिजापूर, अकोट, बाळापूरसारख्या तालुक्यांच्या गावांपर्यंत संगणक नेला, तोही मराठीत. हे मोठं काम आहे. परीक्षा आणि प्रमाणपत्राशी राज्य तंत्रशिक्षण मंडळ जोडलेलं आहे आणि अनेक सरकारी पदांना ते लागतं. जरूर करा. पण कोर्स कुठलाही असो, प्रश्न पाठ करून पास होता येतं, हेही आपल्याला माहीत आहे. मग ते प्रमाणपत्र कशाला लागतं? मुलींच्या बाबतीत मी स्पष्टच बोलतो, रागावू नका. कितीतरी घरांत ते रिश्त्याच्या बायोडेटात एक ओळ वाढवायला लागतं. ‘कंप्यूटर भी जानती है.’ आणि लग्नानंतर तिच्या हातात माउस कधी येत नाही. ज्या घरात भाऊ सायबर कॅफेत जाऊ शकतो आणि बहीण जाऊ शकत नाही, त्या घरातली बहीण आपला फॉर्म कायम दुसऱ्याच्या हातात देणार. म्हणून आज इथे जितक्या मुली आहेत, तितक्याच शेवटच्या दिवशीही असल्या पाहिजेत. ही जबाबदारी मुलींपेक्षा त्यांच्या अब्बूंची आणि भावांची जास्त आहे.

कोणी म्हणेल, पैसे नाहीत. घरी जुना संगणक असेल तर लिबरऑफिस घाला. ते मोफत आहे, कायदेशीर आहे, चोरीची प्रत शोधायला नको, आणि मराठीतूनही वापरता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्याचे धडे मराठीत आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, तेही फुकट. एका धड्यासोबत तेच हाताने करून बघायचं. नुसतं बघून पोहता येत नाही, मोर्णेच्या काठावर बसून तर नाहीच.

आणि कोणी म्हणेल, आता एआय सगळं लिहून देतं, शिकायचं कशाला? अर्ज ते लिहून देईल, छान लिहील. पण त्यात तुमचं नाव बरोबर आहे का, तारीख खरी आहे का, त्याने एखादा नसलेला नियम घुसडला आहे का, हे कोण बघणार? ज्याला अर्ज येतो तोच बघणार. ज्याला येत नाही, त्याने काउंटरवरचा भाई बदलला, बाकी काही नाही.

आपण भाषणांत अल-ख्वारिज्मीचं नाव अभिमानाने घेतो. नवव्या शतकातला बगदादचा गणिती, ज्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला. अभिमान ठीक आहे. पण त्याने गणिताचं पुस्तक कशासाठी लिहिलं? वारसा वाटणं, जमीन मोजणं, व्यापाराचा हिशेब, लोकांच्या रोजच्या गरजेसाठी. त्याचं नाव घ्यायचं असेल तर आधी आपल्या घरचा हिशेब एका तक्त्यात मांडून दाखवू.

आता कामाला लागा. पुढच्या रविवारपर्यंत तीन गोष्टी करून आणा. एक, आपल्या नावाचा फोल्डर आणि त्यात सगळ्या कागदांच्या प्रती, नीट नावं देऊन. दोन, स्वतःचा ईमेल, ज्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत नाही. तीन, गल्लीच्या नळाच्या तक्त्याची पहिली ओळ. तारीख टाकताना आधी दिवस की आधी महिना, ते बघून टाका. अडलं तर शेजारच्याला विचारा. आणि शेजारच्याने विचारलं तर माउस त्याच्या हातातून ओढून घेऊ नका. तोंडाने सांगा, हात त्याचाच चालू द्या.